चित्रकार रेन्वार आणि त्यांचे हात

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर खेपेस एक तरी थोर व्यक्तीचे चरित्र असते. आजवर भगिनींनी संत, राण्या आणि समाजसुधारक यांच्यावर लिहिले. मी या वेळी फ्रान्स देशातील एका चित्रकाराचे चरित्र लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि रांगोळीपलीकडे चित्रकलेतले मला फारसे कळत नाही. परंतु हे गृहस्थ ज्या दुखण्याने पंचवीस वर्षांहून अधिक काळ गांजले होते, ते आमवाताचे दुखणे गेली सहा वर्षे माझ्याही हातांत आहे. म्हणून त्यांच्याविषयी जे मिळेल ते मी वाचले, आणि जे इंग्रजीत होते ते लेकीने मराठीत समजावून सांगितले. परक्या देशाचे असले तरी वयाने आणि कर्तृत्वाने वडील, तेव्हा त्यांना मी अहोजाहोच करणार आहे.

त्यांचे पूर्ण नाव प्येर ओग्यूस्त रेन्वार. जन्म २५ फेब्रुवारी १८४१ रोजी लिमोझ या गावी झाला. हे गाव चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. वडील शिंपी आणि आई शिवणकाम करणारी. म्हणजे सुई, दोरा, कात्री यांच्यातच हे मूल वाढले. हे वाचल्यावर मला ते एकदम आपल्या आळीतले वाटू लागले. पुढे कुटुंब पॅरिसला गेले. तेराव्या वर्षी मुलाला कपबशांवर फुले रंगवण्याच्या कामाला लावले. हात इतका चांगला चालला की लवकरच फुलांबरोबर राणीचा मुखडाही तो काढू लागला. पण चारपाच वर्षांत यंत्रावर छापलेल्या बशा आल्या आणि हाताने रंगवणाऱ्यांचे काम बसले. मग पंखे रंगव, खिडक्यांचे पडदे रंगव, असे करत पैसे साठवले आणि १८६२ साली ते रीतसर चित्रकला शिकू लागले. तेथे त्यांना मोने, सिस्ले आणि बाझीय हे सोबती मिळाले. ही मंडळी स्टुडिओ सोडून उघड्यावर, झाडाखाली, नदीकाठी बसून चित्रे काढू लागली. रंग घ्यायला पैसे नाहीत अशी वेळही यायची. १८७४ साली त्यांनी आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेव्हा लोकांनी टिंगल केली. आज त्याच चित्रांसमोर रांगा लागतात. त्या काळाविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे, मी त्यात शिरत नाही.

एका चित्राविषयी मात्र सांगते, कारण त्यात पुढच्या गोष्टीतली बाई आहे. १८८० ते ८१ या काळात रेन्वार यांनी पॅरिसजवळ नदीकाठच्या एका खानावळीच्या सज्जात जेवणाची पंगत रंगवली. वीसपंचवीस वर्षांची माणसे, पांढरा मेजपोश, फळे, बाटल्या, आणि डाव्या हाताला फुलांची टोपी घातलेली एक तरुणी छोट्या कुत्र्याशी खेळते आहे. ती आलीन शारिगो. एसोआ नावाच्या खेड्यातली मुलगी, पॅरिसला शिवणकाम करून पोट भरणारी. १८८५ साली त्यांना पहिला मुलगा झाला, त्याचे नाव प्येर. आणि लग्न लागले १८९० साली. आपल्याकडे या क्रमाला नाके मुरडली असती, पण हा संसार टिकला आणि चांगला झाला. मागाहून १८९४ मध्ये जीन आणि १९०१ मध्ये क्लोद असे आणखी दोन मुलगे झाले.

दुखण्याची सुरुवात १८९२ च्या सुमारास झाली. त्या वेळी ते पन्नाशीचे होते. १८९७ साली पाऊस पडून गेल्यावर एसोआच्या रस्त्यावर ते सायकलवरून घसरले आणि उजवा हात मोडला. हात प्लॅस्टरमध्ये असेपर्यंत त्यांनी डाव्या हाताने चित्रे काढली. त्यानंतर दुखणे वाढत गेले म्हणून घरच्यांनी सायकललाच दोष दिला. वास्तविक सांधे आधीपासूनच कुरकुरत होते. पडल्याने हाड मोडते, आमवात होत नाही.

हा रोग काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण आपल्यातल्या कित्येक जणी त्याला नुसता वात म्हणून तेल चोळत बसतात. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी एक शक्ती असते. या रोगात ती शक्ती आपल्याच माणसाला शत्रू समजते आणि सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजते, मग कूर्चा झिजते, हाड खाल्ले जाते, स्नायूंच्या दोऱ्या ताणून तुटतात आणि बोटे वाकडी होतात. बहुधा दोन्ही हात सारखेच धरतात. पहाटे उठल्यावर तासतासभर मूठ मिटत नाही. वय होऊन गुडघे झिजतात तो संधिवात निराळा. हा रोग तरुणपणीही येतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीतिपटीने जास्त होतो. आता आठवड्यातून एकदा घेण्याच्या गोळ्या आहेत, इंजेक्शने आहेत, आणि वेळेवर सुरू केली तर बोटे वाकडी होण्याचे पुष्कळ अंशी टळते. रेन्वार यांच्या वेळी यातले काहीही नव्हते. ॲस्पिरिनसुद्धा १८९९ साली बाजारात आले. या रोगावर स्टेरॉइड पहिल्यांदा दिले गेले ते अमेरिकेत १९४८ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी. त्यांना डॉक्टरांनी गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवले, जुलाब दिले, मालीश सांगितले. ते सर्व त्यांनी केले. फारसा गुण आला नाही.

सकाळी हात मोकळे व्हावेत म्हणून ते तीन लहान चेंडू हवेत उडवून झेलत. आपल्याकडे मुली सागरगोटे खेळतात ना, तसलाच प्रकार. दहा मिनिटे चेंडू, मग ब्रश. पुढे चेंडू झेलता येईनात तेव्हा एक लाकडाचा दांडका घेऊन तो उडवायचा आणि पकडायचा, असा व्यायाम त्यांनी ठेवला. पुढे तोही सुटला. १९०३ नंतर दुखण्याने जोर धरला. आधी एक काठी, मग दोन काठ्या, मग कुबड्या. अंग इतके वाळले की नुसते बसणेही अवघड व्हावे. खांदा जखडला. बोटे आत वळून तळहाताला चिकटली, तेव्हा नखे कातड्यात रुतू नयेत म्हणून तळहातात मऊ कापडाच्या पट्ट्या गुंडाळून ठेवत.

या पट्ट्यांवरून एक दंतकथा झाली आहे. रेन्वार यांच्या हाताला ब्रश बांधून देत आणि ते तसे रंगवत, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. ते खरे नाही. पट्ट्या कातड्यासाठी होत्या. ब्रश कोणीतरी बोटांच्या मध्ये सरकवून देई, आणि एकदा तो तेथे बसला की ते स्वतः धरून ठेवत आणि रंगवत. १९१५ साली साशा गीत्री या नाटककाराने फ्रान्समधील थोर माणसांचा एक लहान बोलपट नव्हे, मूकपट घेतला. त्यात रेन्वार आहेत. लेकीच्या मोबाइलवर मी तो पाहिला. हाडांचा सापळा झालेला म्हातारा, डोक्यावर टोपी, धाकटा मुलगा क्लोद जवळ उभा. हात अगदी गाठीगाठींच्या मुळासारखा. पण तो हात कापडाकडे जातो आणि टिपके भराभर पडू लागतात, कोठेही चाचपडणे नाही. मी तो तुकडा चारपाच वेळा पाहिला. मनगट चालत नव्हते, बोटे चालत नव्हती. सर्व काम खांद्यापासून हलक्या झटक्यांनी चालले होते. जे हलते त्याच्यावर काम करायचे, हे त्यांनी कोणाकडून शिकले असेल?

माझे काम गोधड्यांचे. पूर्वी पंधरा दिवसांत एक गोधडी उतरायची, धावदोरा असा एकसारखा की पाठीमागून पाहिले तरी बघत राहावे. आता एका गोधडीला अडीच महिने लागतात. सकाळी कणीक मळवत नाही, डब्याचे झाकण फिरवायला शेजारच्या काकूंना हाक मारावी लागते. हे काम सोडून स्वस्थ बस, असे नात्यातल्या एकींनी मला सांगितले, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण गोधडीचे चार पैसे माझे स्वतःचे असतात, आणि पैशांची गोष्ट सोडली तरी दुपारी हातात सुई नसली की दुखणेच दुखणे डोक्यात फिरते. मी कात्रीच्या मुठीला जाड चिंधी गुंडाळली आहे, मोठ्या नेढ्याच्या सुया घेतल्या आहेत, आणि पाव तास शिवून पाव तास हात मोकळा ठेवते. रेन्वार यांचे चरित्र वाचताना माझे लक्ष चित्रांपेक्षा त्यांनी केलेल्या असल्या सोयींवरच अधिक गेले, ते यामुळे.

त्या सोयी ऐका. दक्षिणेकडे समुद्राजवळ हवा कोरडी आणि उबदार असते, म्हणून ते तिकडे राहू लागले. १९०७ साली कान्य या गावाजवळ त्यांनी ऑलिव्हची जुनी बाग विकत घेतली. तिचे नाव ले कोलेत. ती झाडे तोडली जाणार होती, ती वाचावीत म्हणून घेतली असे सांगतात. शेकडो वर्षांची वाकडीतिकडी खोडे! तेथे घर बांधले आणि बागेत काचेची एक खोली उभारली. वारा लागू नये पण उजेड बाहेरचाच मिळावा, अशी ती युक्ती. १९१२ पासून ते चाकांच्या खुर्चीत होते. हात वर पोहोचत नाही, तेव्हा मोठे चित्र कसे काढावे? त्यांनी कापड दोन रुळांवर गुंडाळण्याची चौकट करून घेतली. हातमागावर कापड जसे गुंडाळत जाते तसेच. दांडा फिरवला की कापड वर किंवा खाली सरके, आणि रंगवायचा भाग त्यांच्या समोर येई. रंगांची पाटी मांडीवर. रंग मोजकेच, म्हणजे दुसऱ्याला लावून देणे सोपे.

१९१२ साली एका डॉक्टरांनी त्यांना पुन्हा चालते करण्याचा चंग बांधला. ही हकीगत त्यांचा मुलगा जीन याने १९६२ साली लिहिलेल्या वडिलांच्या चरित्रात आहे. महिनाभर ताकदीचे खाणे दिले, मग एके दिवशी डॉक्टरांनी त्यांना उभे केले. रेन्वार खरेच काही पावले चालले, चित्राच्या चौकटीभोवती फिरून खुर्चीपर्यंत आले. घरातले सगळे श्वास रोखून उभे. आणि मग त्यांनी डॉक्टरांना शांतपणे सांगितले की याला माझी सगळी शक्ती लागते, चित्रासाठी काहीच उरत नाही, तेव्हा मी चालणे सोडतो. बसले ते पुन्हा उठले नाहीत. जीनच्या लिहिण्यात वडिलांवरच्या मायेची भर असेल, पण मला ही गोष्ट खरी वाटते. दिवसाकाठी मोजकीच शक्ती हातात असते आणि ती कोठे खर्च करावी हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, हे आमवात असलेल्या बाईला वेगळे सांगावे लागत नाही. माझी घासलेली पितळी भांडी आता पूर्वीसारखी चकाकत नाहीत. कोणाला दिसत असतील तर दिसोत.

आता आलीनबाईंकडे वळते. रेन्वार यांच्यावर लिहिणारे पुरुष त्यांच्याविषयी दोनचार ओळी लिहून पुढे जातात. घर, मुले, पैपाहुणा, बागेतली संत्री, कोंबड्या, ऑलिव्हचे तेल काढणे, हे सगळे त्या पाहत. मदतीला गाब्रिएल नावाची त्यांची नात्यातली मुलगी होती. जीनच्या जन्माच्या वेळी, १८९४ साली, ती सोळा वर्षांची असताना घरात आली. मुले सांभाळणे, चित्रासाठी बसणे, आणि पुढे ब्रश बोटांत सरकवून देणे हेही ती करी. खुर्चीसह उचलून बागेत नेणारी माणसे होती. तोवर चित्रे चांगली विकली जात होती म्हणून हे जमले. आपल्यापैकी कोणाला एवढी माणसे लाभणार? मी रेन्वार यांचे धैर्य कमी लेखत नाही, पण धैर्याच्या शेजारी ही माणसे उभी होती, आणि ती लिहिली नाहीत तर चरित्र अर्धेच राहील.

आलीनबाईंना स्वतःला मधुमेह होता. इन्सुलिन माणसाला प्रथम दिले गेले १९२२ साली, म्हणजे त्यांच्यासाठीही औषध नव्हते. १९१४ ला महायुद्ध पेटले. दोन्ही मोठे मुलगे आघाडीवर. प्येरचा हात जबर जखमी झाला. १९१५ च्या वसंतात जीनच्या पायाला गोळी लागली आणि पाय कापावा लागेल अशी वेळ आली. आजारी आई देशाच्या दुसऱ्या टोकाला त्या इस्पितळात गेली, पाय कापू नका म्हणून हट्ट धरून बसली. पाय वाचला. जीन जन्मभर लंगडला, पण स्वतःच्या पायावर. आलीनबाई घरी परत आल्या आणि जून १९१५ मध्ये वारल्या. वय छप्पन्न. गीत्रीचा तो मूकपट त्याच वर्षीचा आहे, हे ध्यानात आल्यापासून तो मला पूर्वीसारखा पाहवत नाही.

(हाच जीन पुढे मोठा सिनेदिग्दर्शक झाला. १९४९ साली तो बंगालमध्ये हुगळी नदीकाठी चित्रपट काढायला आला होता, आणि तेव्हा जाहिरातीच्या कंपनीत नोकरी करणारे तरुण सत्यजित राय त्याला जागा दाखवत फिरले.)

पत्नी गेल्यावर रेन्वार काम करीतच राहिले. चित्रे आता अधिक तांबूस आणि उबदार झाली. विषय बहुधा नदीवर न्हाणाऱ्या भरदार अंगाच्या बायका. ती चित्रे पाहून आपल्यातल्या काही जणी पदर तोंडाला लावतील, आणि जाणकारांतही ती सर्वांना आवडतात असे नाही. मला स्वतःला त्यांची फुले अधिक आवडतात. पण एक गोष्ट पाहा, त्या चित्रांत कोणाचेही अंग दुखत नाही. खुर्चीतल्या हाडांच्या सापळ्याने इतकी निरोगी, निवांत शरीरे काढावीत!

आणखी एका माणसाचे नाव घ्यायला हवे. मूर्ती घडवण्याची रेन्वार यांना फार इच्छा होती, पण त्या हातांनी माती काय मळणार? १९१३ पासून १९१८ पर्यंत रिशार गीनो हा तरुण शिल्पकार त्यांच्याकडे येई. रेन्वार चित्र दाखवत, काठीने खुणा करत, इथे भर, इथे काढ असे सांगत, आणि गीनो माती लावत जाई. मूर्ती तयार झाल्या त्या रेन्वार यांच्या नावाने. पुष्कळ वर्षांनी वाद न्यायालयात गेला, आणि १९७३ साली फ्रान्सच्या वरिष्ठ न्यायालयाने गीनो हाही त्या मूर्तींचा कर्ता आहे असा निकाल कायम केला. मला हा निकाल पटतो. माझ्या गोधड्यांचे तुकडे आता शेजारच्या काकू कापून देतात. गेल्या प्रदर्शनात गोधडीवर दोघींची नावे लिहावीत असे मी म्हटले, तर त्या लाजून पळाल्या. या वर्षी मी विचारणार नाही, लिहूनच टाकणार आहे.

१९१९ च्या उन्हाळ्यात रेन्वार पॅरिसला गेले. सरकारने त्यांचे एक चित्र घेतले होते. लूव्ह्र या मोठ्या संग्रहालयात त्यांना खुर्चीत बसवून दालनांतून फिरवले. ज्या जुन्या गुरूंची चित्रे त्यांनी तरुणपणी उभे राहून नकलली होती, ती शेवटची पाहून घेतली. त्याच सुमारास त्यांचे न्हाणाऱ्या स्त्रियांचे मोठे चित्र पुरे झाले होते. ते १९२३ साली मुलांनी देशाला दिले. पॅरिसहून परतल्यावर हिवाळा लागला, छातीत कफ झाला आणि ३ डिसेंबर १९१९ रोजी कान्य येथील घरी ते वारले. वय अठ्ठ्याहत्तर. शेवटच्या दिवसांपर्यंत फुलांची चित्रे चालू होती.

१९२२ साली पतिपत्नी दोघांनाही एसोआ येथे, आलीनबाईंच्या माहेरच्या गावी नेऊन पुरले. ले कोलेतचे घर १९६० साली कान्यच्या नगरपालिकेने विकत घेतले आणि तेथे संग्रहालय केले. खोलीत त्यांची चाकांची खुर्ची आणि चित्राची चौकट ठेवलेली आहे. बाहेर ती ऑलिव्हची झाडे आहेत, अजून फळ धरतात.